दोन ठोके

दारव्हा, १ डिसेंबर २०२४

पायल,

जयभीम. राग आहे, पन जयभीम तं घे.

तू माहा नंबर ब्लॉक केला. पह्यले मले वाटलं टॉवर गेला. मंग आमच्या बबलूच्या फोनवरून लावला, तं माहा आवाज आयकल्याबरोबर तू तोही ब्लॉक केला. बबलू म्हने, "माहं काय चुकलं व?" त्या गरिबाचं काही चुकलं नाई, माह्याशी लग्न केलं एवढंच. म्हनून पत्र लिहून राह्यली. तुह्या यवतमाळच्या खोलीचा पत्ता तुह्या मायनं देल्ला. इंदूकाकूवर चिडू नको, मी चहा पिता पिता काढून घेतला.

सरळ इचारते. तू शोरूमवाल्याच्या ऑटोत बसली हे खरं का? त्या इंद्रजितच्या मागं? मले चार जनानं चार जागी सांगतलं. एकानं तं मुद्दाम ऑटो थांबवून सांगतलं, आन मी सवारी उतरवाचं सोडून आयकत बसली.

त्या इंद्रजितले गाडी इकता येते, चालवता येते का ते इचार. काळा चष्मा, शोरूमचं नाव लिहिलेला टी-शर्ट, आन सीटवरचं प्लास्टिक अजून काढलं नाई त्यानं. त्याले कोनी सांगतलं का, का ही रॅली पळाची शर्यत नाई? पेट्रोल-डिझेल सोडून कशावरही चालनाऱ्या गाड्या आना, कागदावर लिहून देतात त्या सरासरी वेगानं जा. तासाले अठ्ठावीस म्हनजे अठ्ठावीस. सेकंदभर आधी पोचलं तरी दंड, सेकंदभर उशिरा पोचलं तरी दंड. घड्याळवाले कुठं झाडाखाली लपून बसले ते माहीत नाई. आन शेवटी बॅटरी किती उरली तेही मोजतात. असं काम रुबाबानं होत नाई. ते तुह्या डोक्यानं होते आन माह्या हातानं होते, दोन्ही एका ऑटोत असले तं.

यवतमाळचा पह्यला टप्पा आठव. फाट्यावर एका म्हातारीनं पिशवी धरून हात केला आन माहा पाय आपोआप ब्रेकवर गेला. पाच वर्सं सवारीच्या हातावर पोट चाललं माहं. हात दिसला का पाय थांबते, त्याले मी काय करू. वर मी इचारलंही, "कुठं जाचं आजी?" आन ते बसलीही. समोर रॅलीचा नंबर चिकटवलेला, मांगून गाड्या येऊन राह्यल्या, आन आपल्या ऑटोत म्हातारी बोरं खाऊन राह्यली. चौपन्न सेकंद गेले. दुसरी कोनी असती तं बोंबलली असती. तू एवढी हासली का घड्याळ हातातून पडलं. मंग म्हनली, "ममताताई, आता हात दिसला का मी सांगीन. तू हाताकडं पाहू नको, माह्या आवाजाकडं कान ठेव."

नेरच्या टप्प्यावर तू तेच केलं. "पाहू नको, दोन सेकंद मागं. पाहू नको, एक पुढं." आवाज वाऱ्यात गेला तं माह्या पाठीमागच्या रॉडवर घड्याळाची कडी ठोकाची. एक ठोका म्हनजे हळू. दोन ठोके म्हनजे बरोबर, चल. ते दोन ठोके आयकू आले का माह्या मानंतला ताठा जाते. आपला पह्यला नंबर आला, तीनचाकीत. पेढे खाल्ले. फोटो निघाला. आन चार दिवसांनी तू गेली.

माहं काय चुकलं ते तरी सांगून जाती. 

घाटंजीचा टप्पा बावीस तारखेले आहे. माह्या मागची सीट रिकामी आहे. ये.

ममता

ता.क. घरी आम्ही सारे तांड्याच्या गोरबोलीत भांडतो. तुह्यासाठी मराठीत भांडून राह्यली, एवढं तरी लक्षात घे.


दारव्हा, १२ डिसेंबर

पायल,

उत्तर नाई. ठीक आहे.

काल तुमी दोघं यवतमाळ रोडवर सराव करत होते. मी पाह्यलं. लपून नाई पाह्यलं, रस्ता सरकारचा आहे. माह्या ऑटोत तीन सवाऱ्या होत्या, एकीच्या मांडीवर कोंबडी. तुमचा पांढरा ऑटो समोरून आला. तू मागं बसलेली, मांडीवर वही, गळ्यात घड्याळ. त्यानं काहीतरी म्हनलं आन तू हासली. तेच हासू, म्हातारीच्या वक्ताचं. माह्या अंगाचा असा तिळपापड झाला का मी बाईले तिच्या गावाच्या फाट्यापुढं नेऊन सोडली. ते कोंबडी घेऊन मांगं चालत गेली आन जाता जाता मले चांगलं आयकवून गेली.

मी आता बबलूले मागं बसवून राह्यली. हासू नको. तो रस्त्याच्या खुणा लिहिलेलं रोडबुक उलटं धरते असं नाई, पन वाचाले लागला का पूर्ण वाचते. "डाव्या बाजूले हातपंप आहे, त्याच्या पुढं वळण आहे, वळणावर बाभूळ आहे." तोवर बाभूळ मांगं जाते. मी म्हनलं, आकडा सांग. तं म्हने, "कोनता, अंतराचा का टायमाचा?" सासूबाई ओट्यावर बसून आमचं भांडण आयकतात. काल म्हनल्या, त्या पोट्टीले बोलाव ना, ते होती तवा घरात शांती होती. सुखीबाईच्या तोंडून कोनाची तारीफ निघत नाई हे तुले माहीत आहे.

इंदूकाकूनं मले एक गोष्ट सांगतली. म्हने, नेरच्या टप्प्याची बातमी छापून आली त्या दिवशी तू पेपर वाचला, घडी घातली, आन जेवली नाई. तुह्या बाबानं, डोमाजीकाकांनं, ते कात्रण भिंतीले लावलं होतं, तेही तू काढलं.

मले माहीत आहे त्यात काय छापलं होतं. मांगच्या पत्रात मी इचारलं माहं काय चुकलं. इचाराची गरज नव्हती.

त्या पेपरवाल्यानं इचारलं, ही तुमच्या मागं बसलेली मुलगी कोन? माह्या गळ्यात हार होता, लोक टाळ्या वाजवत होते. मी म्हनलं, "माही रोजची सवारी आहे ते. घड्याळ पाहाले बसवली." लोक हासले. मीही हासली. तुह्याकडं पाह्यलं नाई.

खोटं नव्हतं, पायल. तू माही सवारीच होती. पह्यल्या दिवसापासून, साडेनवाले बसस्टँडवरून शिकवणीच्या क्लासपर्यंत. तूच म्हनली का ममताताई, ह्या रॅलीत आपन भाग घेऊ. नियमाचं पुस्तक तू आनलं, सराव तू करवला, बॅटरी कशी वाचवाची ते तू शिकवलं. चढावावर हँडलले पीळ देऊ नको, उतारावर सोड, ब्रेक लागाच्या आधीच हात सैल कर. हे सारं त्या पेपरवाल्यानं इचारलं नाई. आन मले त्या वक्ताले वाटलं, आज एक दिवस सारं माहं राहू दे. 

बस, एवढंच. त्यासाठी कोनी पार्टी बदलते का?

ममता


दारव्हा, २४ डिसेंबर

पायल,

तुह्या हाताले लागलं असं आयकलं. मनगट मोडलं, प्लास्टर लागलं. मले काल संध्याकाळी समजलं. इंदूकाकू रडत होती, मी तिले धीर देल्ला.

म्हने, घाटंजीच्या टप्प्यात बकरी आडवी आली आन इंद्रजितनं गाडी काटली ते नालीत गेली. आता मी काही बोलत नाई. बकरी आडवी येनार हे रस्त्यावर चालवनाऱ्याले दिसते. शोरूममधी बकऱ्या येत नाईत.

तुमचा सुटाचा नंबर सहा, आमचा सात. दोन मिनिटांनी सुटलो आम्ही. मले काही दिसलं नाई. कापसाचा ट्रॅक्टर चालला होता समोर, लय धूळ होती. बबलूले इचार, तोही हेच सांगन. आन तूच मले शिकवलं ना, हाताकडं पाहू नको, पुढं पाह्य. मी पुढंच पाहत होती.

आमचा पह्यला नंबर आला. एकूण नऊ सेकंदाचा दंड. आता सीझनच्या यादीत मी सगळ्यायच्या वर आहे, तुमच्या शोरूमचा ऑटो आधीच्या टप्प्यायच्या जोरावर दोन नंबरवर. दारव्ह्याचा शेवटचा टप्पा राह्यला. सीझन जिंकनाऱ्याचं ढालीवर नाव कोरतात म्हने. आमच्या तांड्यातल्या बाईचं नाव कोनत्याच ढालीवर नाई.

सासूबाईनं डिंकाचे लाडू केले आहेत. हाड लवकर जुडते. बबलू यवतमाळले येनार आहे त्याच्या हातानं डबा पाठवते. मी स्वतः आली असती पन गाडीचं काम निघालं.

इंद्रजित म्हने दवाखान्यात पूर्ण वेळ तुह्यापाशी बसून होता. चांगली गोष्ट आहे. गाडी नालीत घातली तं तेवढं करावंच लागते.

काळजी घे.

ममता


दारव्हा, ११ जानेवारी

पायल,

डबा पोचला. रिकामा.

धुतलेला, पुसलेला, झाकण घट्ट लावलेला आन आत काही नाई. बबलूनं आनून ओट्यावर ठेवला, सासूबाईनं उघडून पाह्यला आन पुन्हा झाकण लावलं. मंग माह्याकडं पाह्यलं. आपल्या इकडं कोनी डबा रिकामा वापस करत नाई. घरात काही नसन तं चिमूटभर साखर टाकतात, दोन दाने तांदळाचे टाकतात. तुह्या घरून आमच्या घरी अन् आमच्या घरून तुह्या घरी पाच वर्सं डबे गेले, एकदाही कोनी रिकामा पाठवला नाई. तू शिकलेली आहे, तुह्याकडून चुकून झालं असं मी मानत नाई. 

मी तुह्या घरी गेलती. भांडाले गेलती, खरं सांगते. तुह्या पोरीले काही रीत शिकवली का नाई, असं इचाराचं होतं. इंदूकाकूनं दार उघडलं आन म्हनली, "ये माय, किती दिवसांनी आली." चहा केला. डोमाजीकाकांनं मले घाटंजीच्या नंबराबद्दल शाबासकी देल्ली. म्हने, "आपल्या गावाची गाडी जिंकली." मी त्यायच्या तोंडाकडं पाहत राह्यली. 

तू त्यायले सांगतलं नाई.

तेवढ्या चहात मले समजलं का तू कोनालेच सांगतलं नाई. इंद्रजितले माहीत असतं तं त्यानं पूर्ण यवतमाळ गोळा केलं असतं. तू गप्प आहे. मले वाटलं होतं तू बोंब मारशीन, मंग मीही बोंब मारीन, भांडण होईन, आन भांडणात माणूस एकमेकाशी बोलते तरी. तू तेही ठेवलं नाई.

तुह्यावर माहा जीव जळते, पायल. तू त्याच्या गाडीत बसली म्हनून जळते, तू त्याच्या गोष्टीवर हासली म्हनून जळते. आन आता तू माह्यापेक्षा चांगली निघाली म्हनून जळते. हे शेवटचं सगळ्यात वाईट आहे.

बबलू माह्याशी नीट बोलत नाई. जेवाले वाढ म्हनते, जेवते, झोपते. बावीस तारखेपासून असं चाललं आहे.

ममता


दारव्हा, २७ जानेवारी

पायल,

धूळ नव्हती.

कापसाचा ट्रॅक्टर त्याच्या आधीच्या गावात वळला होता. रस्ता साफ होता, ऊन होतं, दोन्हीकडं तूर उभी. वळण घेतलं आन तू दिसली. पांढरा ऑटो नालीत एका अंगावर पडलेला, इंद्रजित त्याच्या पलीकडं बसलेला, डोकं धरून. तू रस्त्याच्या कडंले उभी होती आन हात केला होता.

डावा हात.

तू उजव्या हाताची आहे. लिहिते उजव्यानं, घड्याळ दाबते उजव्यानं, पाच वर्सं मले साडेनवाले बसस्टँडवर हात केला तो उजव्यानं. तुहा डावा हात वर पाह्यल्याबरोबर मले समजलं का उजव्याले काही झालं आहे. इचार कराले वेळ लागला नाई. गाडी तुह्यापाशी येईपर्यंत मले सारं समजलं होतं.

बबलू मागून म्हनला, "पायल आहे. थांब, ममता." मी म्हनलं, "आकडा सांग." तो म्हनला, "तिले लागलं आहे व." मी म्हनलं, "आकडा सांग तू." त्यानं आकडा सांगतला नाई. पुढचे अकरा किलोमीटर तो एक शब्द बोलला नाई, आन मी तुह्या सवयीनं स्वतःशीच मोजत गेली, दोन मागं, एक पुढं. जिंदगीत एवढी बरोबर गाडी मी कधी चालवली नाई.

हात दिसला का माहा पाय आपोआप ब्रेकवर जाते, हे तुले माहीत आहे. त्या दिवशीही गेला. ब्रेकवर ठेवलेला पाय मी उचलला. पाय उचलतानी मनात काय होतं तेही सांगते, आता काही ठेवत नाई. मनात होतं, त्याच्या गाडीत बसली ना, आता तोच नेईन तुले.

तू वीस मिनिटं उन्हात उभी होती म्हने, मंग रॅलीवाल्यायची जीप आली. तेवढ्या वेळात तू खाली बसली नाई, रडली नाई, इंद्रजितचं डोकं ओढणीनं बांधलं, एका हातानं. हे मले काल प्रेमसिंग सरांनं सांगतलं.

हो, मी त्यायच्याकडं गेलती. सारी रॅली तेच भरवतात, तुले माहीत आहे, निवृत्त झाल्यावरही त्यायच्या शर्टाच्या खिशात दोन पेन असतात. बबलू संग आला. मी न बोलवता आला. प्रेमसिंग सर अंगनात यादीच लिहून राह्यले होते, शेवटच्या टप्प्याची. मी म्हनलं, "सर, जखमी माणूस दिसलं आन गाडी थांबवली नाई तं नियम काय आहे?"

ते म्हनले, "सीझनमधून बाद. काहून? कोनाची तक्रार आहे का?"

"माही आहे."

"कोनावर?"

"माह्यावर."

त्यायनं पेन खाली ठेवला. म्हनले, "कोनी काही बोललं नाई, ममता. त्या मुलीलेही मी इचारलं होतं, का कोनी गाडी गेली का तिथून. नाई म्हनली ते." बबलू म्हनला, "गेलती सर. मी मागं बसून होतो." त्यायनं दोघायच्या सह्या घेतल्या. मले वाटलं होतं ते रागावतीन, दोन शब्द बोलतीन, मंग मलेही बरं वाटन. त्यायनं यादीतलं माहं नाव पट्टी लावून सरळ रेघेनं खोडलं आन इचारलं, चहा घेता का.

वापस येतानी बबलू ऑटोत मागं बसला होता. लय दिवसांनी बोलला. म्हने, "हातपंप आला, डाव्या बाजूले." मी म्हनलं, दिसते मले. तरी तो घरापर्यंत वाचत आला.

ढालीवर आता माहं नाव येत नाई. तुहं येईन, हात बरा झाला तं. मी हे तुह्यासाठी केलं असं समजू नको, मी एवढी चांगली नाई. माह्याच्यानं चालवल्या जात नव्हतं. बसस्टँडवर कोनी हात केला का मले डावा का उजवा ते पाहाची सवय लागली होती.

माफी मांगाले पत्र लिहून राह्यली आन मांगू शकून राह्यली नाई. शब्द लिहिला का खोटा वाटते. तू माह्या पत्रातली धूळ वाचली होती ना. त्याच हातानं लिहिलेली माफी तू काहून वाचशीन.

ममता


दारव्हा, १७ फेब्रुवारी

पायल,

अभिनंदन. लिहितानी पेन जोरानं दाबल्या गेला, मागच्या पानावर उमटन, त्याकडं पाहू नको.

काल मी फाट्यावर आलती. रॅलीत नाई म्हनून काय झालं, पाहाले कोनी मना केलं नाई. सकाळी घरून निघतानी सासूबाई म्हनल्या, "जाऊन जीव कायले जाळतं?" मी म्हनलं, घरी बसून बी जळनारच आहे, मंग तिथंच जळते.

पळसाच्या झाडाखाली उभी राह्यली. एक गॅसची गाडी गेली, एक बायोडिझेलवाला गेला, त्याचा धूर भज्याच्या दुकानासारखा वास मारत होता. मंग वळणावरून पांढरा ऑटो आला. सहा नंबर. दुरूनच दिसलं का चाल बरोबर आहे, ना कमी ना जास्त. उताराच्या आधीच त्यानं हात सैल केला. ते माह्याच हातातलं होतं, तू माह्याकडून घेऊन त्याले देल्लं. नाई, माह्याकडून नाई. तुहंच होतं ते, मले देल्लं होतं तसं त्याले देल्लं.

तुहा उजवा हात उघडा होता. प्लास्टर निघालं. घड्याळ त्याच हातात होतं.

आन मी हात केला.

कायले केला ते आता नीट सांगते, कारन धुळीचं झाल्यावर मले अर्धवट सांगाचा हक्क राह्यला नाई. थोडं मन म्हनत होतं का तू पाहावं, मी इथं आहे, उभी आहे, हात करून आहे. आन थोडं मन म्हनत होतं का त्यानं थांबावं, पाच-दहा सेकंद जावे, आन ढाल जावी. दोन्ही एकाच हातात होतं. मले वेगळं करता आलं नाई.

तू मले पाह्यलं. चांगलं पाह्यलं. मंग घड्याळाकडं पाह्यलं. गाडी थांबली नाई, हळूही झाली नाई. माह्या समोरून गेली, एवढ्या जवळून का तुह्या वहीचं पान फडफडलेलं आयकू आलं. मी हात खाली घेतला नाई. वीस मिनिटं कशी असतात ते पाहाचं होतं मले, पन हात तीन-चार मिनिटांतच भरून आला.

आज पेपरात बातमी आली. पूर्ण वाचली. त्या पेपरवाल्यानं इंद्रजितले तेच इचारलं, मागं बसलेली मुलगी कोन. आन तो म्हनला, "गाडी ते चालवते. मी फक्त हँडल धरतो." 

ते वाक्य माहं होतं, पायल. नेरले, हार घालून, तेच वाक्य माह्या तोंडातून निघाले पाह्यजे होतं. ढाल गेली त्याचं मले एवढं नाई वाटलं. त्या काळ्या चष्म्यावाल्यानं माहं वाक्य नेलं, ते मले आज दिवसभर गिळता आलं नाई.

आता एकच गोष्ट इचाराची आहे, त्यासाठीच लिहाले बसली. काल गाडी माह्यापुढं गेली आन वळणाच्या आधी मले आवाज आला. लोखंडावर कडीचा. दोन ठोके.

त्याले ती खूण शिकवली का तू?

शिकवली असन तं ते दोन ठोके त्याचे होते, बरोबर आहे, चल, फाट्यावर कोनी उभं आहे तिकडं पाहू नको. तसं असन तं दोन ओळी लिहून कळव. माहा जीव जळन, जळू दे, सवय झाली.

नसन शिकवली, तं काही लिहू नको. माहा डबा मी तुह्या मायजवळ ठेवून आली आहे, तू पाठवला तसाच, रिकामा. रविवारी घरी येशीन तवा त्यात चिमूटभर साखर टाक.

ममता